सेंद्रिय सौरघटांसाठी रेणूंची रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. काही रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून येतात, काही भौतिकशास्त्राकडून या विषयात शिरलेल्यांकडून, तर काही नुसत्या कुतूहलापोटी. उत्तरं शक्य तेवढी साध्या भाषेत दिली आहेत. जिथे मला स्वतःला विषय जास्त जिव्हाळ्याचा वाटतो तिथे उत्तर लांबलं आहे, ते तसंच ठेवलं आहे.

'सेंद्रिय' म्हणजे इथे नेमकं काय?

कार्बनी संयुगांपासून बनलेलं, एवढंच. रासायनिक खताविना पिकवलेल्या धान्याला आपण सेंद्रिय म्हणतो, त्या अर्थाशी याचा संबंध नाही. सिलिकॉनच्या सौरघटात प्रकाश शोषून वीज देण्याचं काम सिलिकॉनचा स्फटिक करतो. सेंद्रिय सौरघटात तेच काम कार्बन, हायड्रोजन, गंधक, नायट्रोजन अशा अणूंचे रेणू करतात.

प्लास्टिक तर वीजरोधक असतं. मग हे रेणू वीज कशी वाहतात?

रेणूच्या कण्यात एकेरी आणि दुहेरी बंध एकाआड एक येत गेले की दुहेरी बंधांतले इलेक्ट्रॉन एका जागी बांधलेले राहत नाहीत, संपूर्ण कण्यावर पसरतात. १९७७ मध्ये हिदेकी शिराकावा, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि अ‍ॅलन हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनच्या फिल्मला आयोडीनची वाफ दिली आणि तिची चालकता सुमारे एक कोटी पटीने वाढली. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. सौरघटात आयोडीन घालत नाहीत, तिथे हे पदार्थ अर्धवाहक म्हणूनच वापरले जातात. पण पसरलेल्या इलेक्ट्रॉनांचं मूळ तत्त्व तेच आहे, आणि त्यांचा हा पसारा किती लांब ठेवायचा हे रसायनशास्त्रज्ञाच्या हातात असतं. रेणूचा रंगही त्यावरूनच ठरतो.

सिलिकॉन उत्तम चाललेलं असताना हा खटाटोप कशाला?

छतावर सिलिकॉनची जागा घ्यावी म्हणून नव्हे. या पदार्थांचं बळ वेगळं आहे. ते प्रकाश इतका जोरात शोषतात की १०० नॅनोमीटरचा थर पुरतो. सिलिकॉनची चकती साधारण १५० ते १८० मायक्रोमीटर जाड असते, म्हणजे हजार पटींहून अधिक. त्यांचं द्रावण करून शाईसारखं छापता येतं, लवचीक पातळ पत्र्यावर पसरता येतं. कोणता रंग शोषायचा ते ठरवता येत असल्यामुळे जवळचा अवरक्त प्रकाश घेणारी आणि दृश्य प्रकाश बराचसा आरपार सोडणारी काचही बनवता येते. खोलीतल्या दिव्यांच्या मंद उजेडातही ते चांगलं काम देतात. माझ्या मते या विषयाकडे सिलिकॉनचा प्रतिस्पर्धी म्हणून पाहिलं की त्याची निम्मी गंमत हातची जाते.

एकाच पदार्थाचा थर का पुरत नाही? दोन पदार्थ मिसळावे का लागतात?

सगळ्या रचनेचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे थोडं थांबू.

सिलिकॉनमध्ये प्रकाशकण शोषला गेला की इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्यामागे राहिलेली रिकामी जागा, म्हणजे होल, वेगळ्या वाटेने निघते. दोघांमधली ओढ सुमारे १५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते, आणि खोलीच्या तापमानाची उष्णताच सुमारे २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट देते. तेवढ्यावर ते मोकळे होतात. सेंद्रिय पदार्थांत तसं घडत नाही. विद्युतभारांमधली ओढ झाकण्याची पदार्थाची क्षमता डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून कळते. सिलिकॉनचा हा आकडा ११.७ आहे, सेंद्रिय पदार्थांचा बहुधा ३ ते ४. त्यामुळे इलेक्ट्रॉन आणि होल एकमेकांना घट्ट धरून बसतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. ती फोडायला इलेक्ट्रॉनव्होल्टचे काही दशांश लागतात, म्हणजे उष्णतेकडून मिळणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून जास्त.

यावर तोडगा असा, की शेजारी असा पदार्थ ठेवायचा ज्याला इलेक्ट्रॉन अधिक हवासा आहे. एक्सायटॉन दोघांच्या सीमेवर आला की इलेक्ट्रॉन पलीकडे जातो, होल अलीकडे राहतं. इलेक्ट्रॉन देणाऱ्याला दाता आणि घेणाऱ्याला ग्राही म्हणू. प्रयोगशाळेत सगळे सर्रास डोनर आणि अ‍ॅक्सेप्टरच म्हणतात. १९८६ मध्ये चिंग टँग यांनी कोडॅक कंपनीत असे दोन थर एकावर एक ठेवून सुमारे १ टक्का कार्यक्षमता मिळवली. आज तो आकडा किरकोळ वाटेल, पण त्या दोन थरांनी पुढच्या सगळ्या कामाची दिशा ठरवली.

तरी एक अडचण उरलीच. एक्सायटॉनचं आयुष्य थोडं असतं. विझण्याआधी तो साधारण १० नॅनोमीटर सरकतो. प्रकाश पुरेसा शोषायचा तर थर १०० नॅनोमीटरचा हवा, आणि सीमा मात्र १० नॅनोमीटरच्या आत हवी. दोन सपाट थरांत हे जमत नाही. १९९२ मध्ये पॉलिमरकडून (लांब साखळीच्या रेणूकडून) फुलरीनकडे (कार्बनच्या चेंडूसारख्या रेणूकडे) इलेक्ट्रॉन अतिशय झपाट्याने जातो असं दिसलं होतं. १९९५ मध्ये दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात मिसळून थर बनवण्याची युक्ती पुढे आली. द्रावण वाळताना ते आपोआप बारीक जाळ्यासारखे वेगळे होतात आणि सीमा सगळीकडे पसरते. या गुंतलेल्या रचनेला बल्क हेटरोजंक्शन म्हणतात. आजचे बहुतेक उत्तम घट या रचनेचे किंवा तिच्या जवळच्या रूपांचे आहेत.

कार्यक्षमता मोजतात कशी?

तीन आकड्यांचा गुणाकार: उघड्या मंडलातलं व्होल्टेज, लघुमंडलातली (शॉर्ट सर्किट) धारा आणि फिल फॅक्टर. तो गुणाकार येणाऱ्या प्रकाशाच्या शक्तीने भागायचा. प्रमाण सूर्यप्रकाश दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॅट धरतात, त्यामुळे हिशेब सोपा होतो. २०१९ मधला पीएम-६ (दाता पॉलिमर) आणि वाय-६ (ग्राही रेणू) या जोडीचा प्रसिद्ध घट घ्या. व्होल्टेज ०.८३, धारा दर चौरस सेंटिमीटरला २५.३ मिलिअँपिअर, फिल फॅक्टर ७४.८ टक्के. गुणाकार करून पाहा, १५.७ टक्के येतात.

या तिघांपैकी फिल फॅक्टरकडे नवशिक्यांचं दुर्लक्ष होतं. सुटलेले विद्युतभार वाटेत पुन्हा न भेटता टोकांपर्यंत किती पोहोचले हे त्यावरून कळतं. रेणू एकमेकांशी नीट जुळून बसलेत का, याची ती पहिली खूण.

रेणू आखायला सुरुवात कुठून करायची?

दोन ऊर्जापातळ्यांपासून. इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या पातळ्यांतली सर्वांत वरची ती होमो, रिकाम्या पातळ्यांतली सर्वांत खालची ती ल्युमो. दोघींमधलं अंतर जेवढं कमी, तेवढा तांबड्या आणि त्यापलीकडच्या अवरक्त भागातला प्रकाश शोषला जातो आणि धारा वाढते. व्होल्टेज मात्र दात्याच्या होमोपासून ग्राहीच्या ल्युमोपर्यंतच्या अंतरावर ठरतं. फुलरीनच्या काळात २००६ मध्ये एक ढोबळ नियम मांडला गेला: या अंतरातून ०.३ व्होल्ट वजा करा, व्होल्टेज मिळेल. तेवढ्यात आपण कात्रीत सापडतो. दात्याचा होमो खाली नेला तर व्होल्टेज वाढतं, पण त्याने शोषलेला प्रकाश कमी होऊ शकतो. ग्राहीचा ल्युमो वर नेला तर इलेक्ट्रॉनला पलीकडे जायला उतार उरत नाही.

अंतर कमी करण्याची नेहमीची रीत म्हणजे एकाच कण्यात इलेक्ट्रॉनसमृद्ध आणि इलेक्ट्रॉन ओढणारे तुकडे आलटून पालटून जोडणं. थायोफीनची वलयं समृद्ध बाजूला, बेंझोथायाडायझोलसारखी ओढणाऱ्या बाजूला. वलयं एकमेकांना जोडून पक्की केली की कणा वळत नाही, सपाट राहतो आणि इलेक्ट्रॉनांचा पसारा तुटत नाही. कागदावर एवढं जमतं. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण फिल्ममध्ये रेणू एकटा नसतो. आपण रेणू आखतो, घटाचं नशीब ठरतं ते त्याच्या शेजारावर.

फुलरीन इतकी वर्षं राज्य करून मागे का पडलं?

फुलरीनचा शोध १९८५ चा, आणि १९९५ पासून जवळजवळ वीस वर्षं पीसीबीएम हा त्याचा विरघळणारा भाऊ ग्राही म्हणून सगळीकडे होता. चेंडूसारखा गोल असल्यामुळे तो कोणत्याही दिशेने शेजाऱ्याला इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकतो. हे त्याचं मोठेपण. पण तो दृश्य प्रकाश फारसा शोषत नाही, त्याच्या ऊर्जापातळ्या बदलायला फार कमी वाव आहे, आणि उजेडात त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात. घटातला जवळजवळ निम्मा माल प्रकाश शोषण्याच्या कामात हात आखडता घेत होता.

२०१५ मध्ये चीनमधल्या झान शियाओवेई यांच्या गटाने आयटीआयसी हा ग्राही मांडला. मध्ये जोडलेल्या वलयांचा लांब सपाट कणा, दोन्ही टोकांना इलेक्ट्रॉन ओढणारे गट आणि कण्याच्या वर-खाली उभ्या बाजूच्या साखळ्या. पहिल्या घटाने ६.८ टक्केच दिले. पण आता ग्राहीचा प्रत्येक भाग सुटा बदलता येत होता: टोकं वेगळी, कणा वेगळा, साखळ्या वेगळ्या. फुलरीनने वीस वर्षं बंद ठेवलेलं दार तिथे उघडलं.

वाय-६ चं एवढं कौतुक कशासाठी?

२०१९ मध्ये झाऊ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-६ प्रसिद्ध केला आणि एका निबंधात कार्यक्षमता १५.७ टक्क्यांवर गेली. त्याच्या मधोमध इलेक्ट्रॉन ओढणारं बेंझोथायाडायझोल आहे, दोन्ही बाजूंना समृद्ध वलयं, आणि टोकांना फ्लोरीन लावलेले ओढणारे गट. म्हणजे ओढणारा गट फक्त टोकांना नव्हे, मध्यातही. त्याचा बँडगॅप, म्हणजे होमो आणि ल्युमो यांच्यातलं अंतर, सुमारे १.३३ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. एका थराच्या घटाची सैद्धांतिक मर्यादा १९६१ च्या शॉकली-क्वाइसर हिशेबानुसार १.३४ इलेक्ट्रॉनव्होल्टला सर्वाधिक, सुमारे ३३.७ टक्के येते. वाय-६ नेमका त्या जागी बसला.

पण मला त्यात सर्वांत सुंदर वाटतं ते वेगळंच. हा रेणू सरळ नाही, चंद्रकोरीसारखा वाकलेला आहे. आयटीआयसीसारखे रेणू मुख्यतः टोकाशी टोक टेकवून बसतात. वाय-६ मात्र टोकाशी टोक ठेवतो, मध्याशी मध्यही ठेवतो, आणि त्यामुळे स्फटिकात तिन्ही दिशांना जाळं तयार होतं. इलेक्ट्रॉनला एक वाट बंद मिळाली तर दुसरी सापडते. फुलरीनचा गोलपणा जे देत होता ते सपाट रेणूने शेजाराच्या बळावर मिळवलं. एक्सायटॉनही इथे फुलरीनच्या काळातल्या १० नॅनोमीटरपेक्षा बराच लांब जातो.

हा शेजार डोळ्यांना दिसतोही. क्लोरोफॉर्मच्या द्रावणात वाय-६ चा शोषणाचा उच्चबिंदू सुमारे ७३१ नॅनोमीटरवर असतो, फिल्ममध्ये तो सुमारे ८२१ वर जातो. रेणू तोच आहे, बदललं आहे ते त्याच्या आजूबाजूचं. ९० नॅनोमीटरची ही सरक म्हणजे शेजाऱ्यांनी आपले इलेक्ट्रॉन एकमेकांत मिसळल्याची नोंद.

बाजूच्या साखळ्या तर प्रकाश शोषत नाहीत. मग त्यांच्यावर एवढा वेळ का घालवतात?

हा प्रश्न आला की मी आधी थोडा दुखावतो आणि मग उत्साहाने उत्तर देतो.

सपाट, कडक वलयांचे रेणू एकमेकांना इतके चिकटतात की विरघळतच नाहीत. विद्यार्थिदशेत मी एक रेणू आखला होता. आकडेमोडीत त्याच्या ऊर्जापातळ्या अगदी हव्या तशा येत होत्या. कित्येक आठवड्यांच्या संश्लेषणानंतर हाती आली ती गडद निळी भुकटी, आणि ती उकळत्या क्लोरोबेंझीनमध्येही तळाशी बसून राहिली. तिचा एकही घट बनला नाही. साखळ्या दोन कार्बनांनी आखूड घेतल्या होत्या, बाकी काही चुकलं नव्हतं.

साखळ्या विरघळण्याची सोय करतात हे झालं पहिलं काम. दुसरं काम जास्त नाजूक आहे: शेजारी रेणू किती जवळ येईल हे त्याच ठरवतात. सपाट वलयं एकावर एक साधारण ३.५ ते ३.६ अँग्स्ट्रॉम (अँग्स्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) अंतरावर बसली तर इलेक्ट्रॉन सहज उडी मारतो. साखळी फार लांब किंवा फार फाटे फुटलेली असेल तर वलयं दूर ढकलली जातात. फार आखूड असेल तर रेणूंचे मोठाले गठ्ठे होतात आणि दात्याशी मिसळण झाल्यासारखी होऊन मोडते.

जुनं उदाहरण पी-३-एचटी या पॉलिमरचं. थायोफीनच्या प्रत्येक वलयावर सहा कार्बनांची एक साखळी. साखळ्या सगळ्या एकाच क्रमाने लागल्या तर कणा सपाट राहतो, पॉलिमर स्फटिकी होतं आणि होल झपाट्याने धावतात. त्याच साखळ्या उलटसुलट लागल्या तर शेजारच्या साखळ्या एकमेकींना अडतात, कणा पिळवटतो आणि पदार्थ कामातून जातो. अणू तेच, संख्या तीच, बदललेला फक्त क्रम.

नवं उदाहरण वाय-६ च्या वंशातल्या एल-८-बीओ या ग्राहीचं. बाहेरच्या बाजूची सरळ अकरा कार्बनांची साखळी काढून तिथे फाटा फुटलेली साखळी बसवली. कण्याला हात लावला नाही, टोकांना नाही. २०२१ मध्ये पीएम-६ बरोबर त्याने १८ टक्क्यांच्या वर मजल मारली, कारण रेणूंची बसण्याची रीत बदलली. ज्या भागाला आपण प्रकाशाच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणतो, त्याने एवढं केलं.

फ्लोरीन किंवा क्लोरीन लावल्याने काय होतं?

फ्लोरीन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, त्यामुळे होमो आणि ल्युमो दोन्ही खाली जातात. आकाराने तो लहान आहे, म्हणून रेणूंच्या बसण्यात अडथळा येत नाही. उलट शेजारच्या गंधकाशी किंवा हायड्रोजनशी हलकीशी ओढ निर्माण होऊन कणा सपाट धरला जातो. क्लोरीन आकाराने मोठा, तरी काम बरंचसं तेच, आणि क्लोरीनयुक्त तुकडे बनवणं सहसा स्वस्त पडतं. आधी फ्लोरीन लावून पाहायचं आणि जमलं की क्लोरीनवर यायचं, असा मार्ग अनेक गटांनी धरला आहे.

पॉलिमर चांगलं की लहान रेणू?

लहान रेणूचं रूप ठरलेलं असतं. शुद्ध करता येतो, आज बनवलेला आणि पुढच्या वर्षी बनवलेला सारखाच निघतो. पॉलिमरमध्ये प्रत्येक साखळीची लांबी वेगळी, आणि एका खेपेतून दुसऱ्या खेपेत सरासरी बदलली की घटाची कार्यक्षमताही बदलते. पण पॉलिमरची लांब साखळी थराला एकसंध धरून ठेवते आणि वाकवलं तरी तो तडकत नाही. सध्या सर्वाधिक यश पॉलिमर दाता आणि लहान रेणूचा ग्राही या जोडीला आहे. निर्वातात बाष्प करून थर बसवण्याचा मार्गही आहे. त्यात पॉलिमर चालत नाही, कारण त्याची वाफच होत नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनची हेलियाटेक कंपनी लहान रेणू वापरून त्या मार्गाने लवचीक पट्ट्या बनवते.

एवढी प्रगती होऊनही व्होल्टेज कमीच का पडतं?

प्रत्येक सौरघट हा मुळात दिवाही असतो. त्यात विद्युतभार पुन्हा भेटले तर आदर्श परिस्थितीत प्रकाश बाहेर पडायला हवा. सेंद्रिय घटात तसं क्वचित होतं. बहुतेक भेटी उष्णतेत विरतात, कारण कार्बन-कार्बन बंधांची कंपनं ती ऊर्जा गिळतात. हिशेब असा, की प्रकाश देणाऱ्या भेटींचं प्रमाण दर दहापट घटलं की सुमारे ०.०६ व्होल्ट हरवतात. शंभरातली एक भेट उजळली तर तोटा ०.१२ व्होल्ट, दहा हजारांतली एक उजळली तर ०.२४.

त्यामुळे रचनेचं एक नवं सूत्र पुढे आलं: चांगला ग्राही स्वतः चांगला चमकणारा हवा. वाय-६ च्या वंशाने इथेही फुलरीनला मागे टाकलं. आणखी एक गळती ट्रिपलेट अवस्थेतून होते. विद्युतभार चुकीच्या स्पिनने (स्पिन हा इलेक्ट्रॉनचा एक चुंबकीय गुण) भेटले की त्या खालच्या अवस्थेत घसरतात आणि तिथून परत येत नाहीत. ही अवस्था वर उचलायची, की दाता आणि ग्राही यांच्यातली जवळीक वाढवून तिथली वाट बंद करायची, यावर सध्या भरपूर काम चालू आहे. पुढचे टक्के याच भागातून येतील असं मला मनापासून वाटतं.

संगणकाने सगळे रेणू आधीच तपासून का ठेवू नयेत?

तसा मोठा प्रयत्न झाला आहे. हार्वर्डच्या क्लीन एनर्जी प्रकल्पाने लोकांच्या घरच्या संगणकांची रिकामी वेळ वापरून लाखो रेणूंची आकडेमोड केली आणि २०१३ मध्ये सुमारे २३ लाख संयुगांची माहिती सगळ्यांसाठी खुली केली. आज मशिन लर्निंगची जोड आहे. एकट्या रेणूच्या ऊर्जापातळ्या, तो प्रकाश कोणत्या रंगाचा शोषेल, इलेक्ट्रॉन आल्यावर तो किती वाकेल, हे डीएफटी (डेन्सिटी फंक्शनल थिअरी) या आकडेमोडीच्या पद्धतीने बऱ्यापैकी कळतं.

घोडं अडतं ते वाळणाऱ्या थरापाशी. हजारो रेणू द्रावकातून बाहेर पडताना कसे रचले जातील हे एका रेणूच्या गणितात नसतं. वाय-६ चा जन्म यादीतून निवड करून झाला नाही. रसायनशास्त्रज्ञांनी एकामागून एक बदल करत तो घडवला. संगणक वाईट कल्पना लवकर बाद करतो, आणि संश्लेषणाचे महिने वाचवण्यासाठी तेही पुष्कळ आहे.

थर वाळवण्यात एवढं शास्त्र कसलं?

क्लोरोफॉर्म सुमारे ६१ अंशांना उकळतो, म्हणून थर काही सेकंदांत वाळतो आणि रेणूंना रचून बसायला फार वेळ मिळत नाही. म्हणून थेंबभर दुसरं द्रव्य घालतात, जे हळू उडतं. वाय-६ च्या पहिल्या घटात क्लोरोनॅप्थलीन अर्धा टक्का होतं. ते मागे रेंगाळतं आणि ग्राहीला नीट बसायला थोडी उसंत देतं. डायआयोडोऑक्टेनही खूप वापरलं गेलं, पण ते थरात अडकून राहतं आणि पुढे उजेडात पदार्थाला बाधतं. नंतर थर थोडा तापवला की रचना पक्की होते. मोठ्या प्रमाणावर छपाई करायची तर क्लोरोफॉर्म नकोच. ऑर्थो-झायलीन किंवा टोल्युईनमध्ये विरघळेल असा रेणू हवा, आणि ती अट पुन्हा बाजूच्या साखळ्यांवर येऊन पडते.

हे घट किती टिकतात?

इथे अजून खूप कष्ट बाकी आहेत, हे स्पष्ट सांगायला हवं. प्राणवायू आणि ओलावा चांगल्या आवरणाने बाहेर ठेवता येतात. आतले दोन शत्रू मात्र रेणूच्या रचनेतच असतात.

पहिला म्हणजे टोकाचा गट कण्याला जोडणारा दुहेरी बंध. तिथे इलेक्ट्रॉनांची कमतरता असल्याने तो सहज हल्ल्याला बळी पडतो. खाली झिंक ऑक्साइडचा थर असेल आणि वरून अतिनील प्रकाश पडत असेल, तर तो थरच हा बंध तोडायला मदत करतो. म्हणून कोणी तो बंध वलयात बांधून पक्का करतं, कोणी झिंक ऑक्साइडवर मधला थर देतं, कोणी अतिनील प्रकाश गाळून टाकतं.

दुसरा शत्रू म्हणजे हालचाल. इतक्या कष्टाने जमवलेलं जाळं स्थिर नसतं. उन्हात घट तापला की लहान रेणू सरकतात, आपापल्या जातभाईंकडे जमतात आणि सीमा कमी होत जातात. रेणूंच्या जोड्या किंवा लहान साखळ्या करून ते जड केले की सरकणं मंदावतं. या दिशेने आलेले निकाल आशा वाढवणारे आहेत.

कार्बन स्वस्त, मग हे रेणूही स्वस्त असणार ना?

नाही. वाय-६ सारख्या रेणूला पुष्कळ पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला शुद्धीकरणात द्रावक आणि माल दोन्ही वाया जातात. अनेक पॉलिमर स्टिले जोडणीने बनतात. त्यात कथिलाची विषारी संयुगं येतात. सुझुकी जोडणीने किंवा थेट कार्बन-हायड्रोजन बंधावर जोडणी करून ती टाळता येतात. २०१८ मध्ये ली योंगफांग यांच्या गटाने पीटीक्यू-१० हे पॉलिमर दोन पायऱ्यांत बनवून दाखवलं. एकूण उतारा सुमारे ८७ टक्के होता, आणि घटाने १२ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता दिली. विक्रम करणाऱ्या रेणूंपेक्षा मला अशा रेणूंचं मोल जास्त वाटतं. नवा रेणू आखताना कागदाच्या कोपऱ्यात पायऱ्यांची संख्या लिहायची सवय लावून घ्यावी.

विक्रमाचे आकडे ऐकतो, मग पॅनल बाजारात मुबलक का दिसत नाहीत?

एका थराच्या सेंद्रिय घटांनी अलीकडे २० टक्क्यांची पातळी गाठली आहे. पण असे घट बहुधा ०.०४ ते ०.१ चौरस सेंटिमीटरचे असतात, नायट्रोजन भरलेल्या पेटीत अतिशय जपून बनवलेले. क्षेत्रफळ वाढलं की थराची जाडी सगळीकडे सारखी ठेवणं अवघड होतं आणि पारदर्शक विद्युताग्राचा रोध धारा खातो. १०० नॅनोमीटरचा थर छापखान्यात सांभाळणं कठीण, ३०० नॅनोमीटरला थोडं सोपं. मात्र जाड थरात विद्युतभारांना लांब चालावं लागतं, म्हणून जाड थरातही फिल फॅक्टर टिकवणारा रेणू हवा. ही मागणी रेणू आखणाऱ्याने पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर ठेवली तर पुढचे अनेक महिने वाचतात.

पहिला रेणू हाती आला आहे. आता काय करू?

लगेच घट बनवायला बसू नका. आधी काही मिलिग्रॅम घेऊन तो टोल्युईनमध्ये आणि क्लोरोफॉर्ममध्ये किती विरघळतो ते पाहा. मग सायक्लिक व्होल्टामेट्रीने (व्होल्टेज वरखाली करत धारा मोजण्याच्या पद्धतीने) ऊर्जापातळ्या मोजा आणि आकडेमोडीशी ताडून पाहा. त्यानंतर द्रावणाचा आणि फिल्मचा शोषण वर्णपट एकाच कागदावर काढा. फिल्मचा उच्चबिंदू लांब तरंगलांबीकडे ठळकपणे सरकला असेल, तर रेणूंना एकमेकांचा शेजार मानवला आहे, आता दाता शोधायला हरकत नाही. दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडत असतील, तर कण्याला दोष देण्याआधी साखळ्यांकडे परत जा आणि त्यांची लांबी किंवा फाट्याची जागा बदलून तोच रेणू पुन्हा करा.